वक्त्याचे स्थान आणि युक्तिवादाची पारख

युक्तिवाद कोणी केला यावरून त्याची ग्राह्यता ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा दंडक निरपवाद मानावा काय? जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना लिहिलेले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे. उच्चवर्णीयांचे विधान जन्मामुळेच असत्य ठरते, असे ते म्हणत नाही. सर्व माणसांचे हक्क आचरणात न मानणाऱ्यांच्या ग्रंथांशी आमच्या भावना जुळत नाहीत, हा त्यातील आक्षेप सभेच्या प्रातिनिधिकत्वावर आहे. एखाद्या अनुमानावर नव्हे. उलट ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या व्याकरणदोषांचा उपहास केला, तेव्हा लेखकाचे सामाजिक स्थानच भाषाशुद्धीच्या नावाने परीक्षणात शिरले. (उत्तरपत्रिका तपासताना आपणही याहून फार वेगळे वागतो असे नाही.) अनुमानाची पायरी तपासताना वक्त्याची जात अप्रस्तुतच होय. परंतु ‘मराठी वाचकाला असे वाटते’ यासारखे विधान आधारभूत असते, तेव्हा ती साक्ष असते. आणि साक्षीदार कोठे उभा होता, हे विचारावेच लागते. फुल्यांच्या पत्रातील ‘आम्ही’लाही, विशेषतः शूद्रातिशूद्र स्त्रियांच्या संदर्भात, हा प्रश्न चुकत नाही.