अज्ञानांचा कैवार

कायद्याच्या मराठी परिभाषेंत अल्पवयी मुलास ‘अज्ञान’ म्हणतात. जमिनीच्या उताऱ्यांत मुलाच्या नांवाजवळ ‘अ. पा. क.’ अशीं तीन अक्षरें आढळतात. त्यांचा अर्थ ‘अज्ञान पालनकर्ता’. हीं अक्षरें आपल्या डोळ्यांस इतकीं सरावाचीं झालीं आहेत कीं, त्यांतील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ज्या मुलाच्या नांवावर जमीन आहे त्यालाच हा पालनकर्ता लाभतो. ज्याच्या नांवावर कांहींच नाहीं तें मूल उताऱ्यावर येतच नाहीं. इंग्लंडांतील जुन्या चॅन्सरी न्यायालयाची गोष्टहि याहून फारशी निराळी नव्हती. तें अनाथांचा कैवार घेई, पण बहुधा त्यांच्या मिळकतीच्या मागोमाग. निर्धन मुलाचें दु:ख हा न्यायालयाचा विषय होऊं शकतो, ही कल्पना त्या मानानें अलीकडची आहे. तिची कसोटी ज्या एका दाव्यांत लागली त्याचा इतिहास नीना बर्नस्टीन या अमेरिकन वृत्तपत्रलेखिकेनें ‘द लॉस्ट चिल्ड्रेन ऑफ वाइल्डर’ या ग्रंथांत सांगितला आहे. ग्रंथ २००१ सालचा आहे. तथापि त्यांतील प्रश्न शिळा झालेला नसल्यामुळें त्याचा परामर्श येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास हा ग्रंथ वाचतांना डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. १८५२-५३ सालीं मासिक अंकांच्या रूपानें निघालेल्या त्या कादंबरींत दोन प्रकारचीं पोरकीं मुलें आहेत. एक प्रकार जार्न्डिसच्या दाव्यांत गुंतलेल्या रिचर्ड व एडा यांचा. तीं न्यायालयाचीं पाल्यें आहेत. त्या दाव्यापायीं वकिलांचे ताफे उभे राहतात, दप्तरांचे ढीग सांचतात, आणि शेवटीं सारी मिळकत खर्चांतच बुडाल्यामुळें दावा आपोआप निकालांत निघतो. दुसरा प्रकार रस्ता झाडणाऱ्या जो या पोराचा. त्याला आईबाप नाहींत, आडनांव नाहीं, आणि दावाहि नाहीं. एका मृत्यूच्या चौकशींत त्याची साक्ष घेण्याची वेळ येते, तेव्हां शपथेचें महत्त्व त्याला सांगतां येत नाहीं म्हणून अधिकारी त्याला बाजूस सारतो. डिकन्सनें हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेविलीं. परंतु जोला वकील मिळाला असता तर काय झालें असतें, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं. वाइल्डरचा दावा हें त्या प्रश्नाचें उत्तर होय. जो न्यायालयांत आला, आणि पाहतां पाहतां त्याचा दावा जार्न्डिसचा दावा झाला.

या कैवाराचा प्रारंभ १८७४ सालीं न्यूयॉर्क शहरांतच झाला होता. मेरी एलन नांवाच्या एका मुलीला सांभाळणारी बाई तिचा अनन्वित छळ करीत असे. एट्टा व्हीलर या परोपकारी स्त्रीनें तिच्या सुटकेसाठीं अनेक दारें ठोठाविलीं. अखेर प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठीं झटणारे हेन्री बर्ग यांनीं एल्ब्रिज गेरी या वकिलांकरवीं तिला न्यायाधीशासमोर आणविलें. मूल हाहि एक प्राणीच आहे, असा युक्तिवाद बर्ग यांनीं केल्याची कथा लोकप्रिय आहे. परंतु ती खरी नव्हे. अर्ज झाला होता तो एका मनुष्याच्या सुटकेसाठीं. त्या मुलीनें आपली हकीकत न्यायालयास स्वत: सांगितली, आणि लवकरच मुलांच्या छळाचें निवारण करणारी संस्था त्या शहरांत निघाली. या प्रकरणांतील मर्माची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. ती मुलगी त्या बाईच्या हवालीं शहराच्या धर्मादाय खात्यानेंच केली होती. जिच्यापासून तिला सोडवावें लागलें, ती बाई सरकारी व्यवस्थेनेंच निवडलेली होती. तिकडे ज्याला ‘फॉस्टर केअर’ म्हणतात, म्हणजे सरकारच्या खर्चानें परक्या घरीं किंवा संस्थेंत होणारें मुलांचें प्रतिपालन, त्याच्या इतिहासावर ही छाया पहिल्यापासून पडलेली आहे.

न्यूयॉर्कमध्यें या प्रतिपालनाला आणखी एक वळण लागलें. चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनीं १८५३ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें पुढील वर्षापासून शहरांतील गरीब मुलें आगगाडीनें पश्चिमेकडील कुटुंबांत धाडण्यास आरंभ केला. मुलांमध्यें आयरिश कॅथॉलिकांचीं पुष्कळ, आणि घरें बहुतेक प्रॉटेस्टंटांचीं. आपलीं मुलें बाटविलीं जातात या भयानें कॅथॉलिकांनीं स्वत:चीं अनाथालयें काढलीं. ज्यूंनींहि तेंच केलें. पुढें अशी वहिवाट पडली कीं, पैसा सरकारनें द्यावा आणि मूल शक्य तोंवर स्वधर्मीयांच्या हातीं जावें. हें भय महाराष्ट्रीय वाचकास समजावून सांगावें लागणार नाहीं. १८४३ सालीं मुंबईंत श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलावरून मिशनरी व हिंदुसमाज यांच्यामध्यें जें रण माजलें तें न्यायालयापर्यंत गेलें. न्यायालयानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनीं उचलून धरला. तें प्रकरण आज आपण आठवतों तें बाळशास्त्र्यांच्या धैर्यासाठीं. श्रीपतीच्या मनांत काय होतें, हें विचारणारा विरळा.

परंतु रक्षणासाठीं बांधलेली भिंत कालांतरानें दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ठेवूं लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत न्यूयॉर्कच्या निराधार मुलांत कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट मुलांची संख्या वाढत गेली, आणि चांगल्या जागा मात्र बव्हंशीं कॅथॉलिक व ज्यू संस्थांच्या ताब्यांत राहिल्या. १९७३ सालीं मार्शिया लौरी या तरुण वकील बाईंनीं नागरिक स्वातंत्र्यसंघाच्या वतीनें या व्यवस्थेविरुद्ध प्रातिनिधिक दावा लाविला. सार्वजनिक पैशानें चाललेल्या जागा धर्म पाहून वांटणें हें अमेरिकन राज्यघटनेशीं विसंगत असून त्यामुळें कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय होतो, असें त्यांचें म्हणणें होतें. वादी म्हणून पुढें नांव होतें तें घरच्या छळाला कंटाळून पळालेल्या एका तेरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचें. वाइल्डर हें तिचें आडनांव. तिचें पाळण्यांतलें नांव आम्हीं येथें मुद्दामच देत नाहीं. तिच्या नांवाचा उपयोग जगानें पुरेसा केला आहे.

पुढील हकीकत तारखांवरूनच बोलकी होते. १९७४ सालीं न्यायालयानें धर्मानुसार वांटणीचा कायदा वरकरणी घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला. व्यवहारांत त्याचें काय होतें, हा प्रश्न उरला. १९७८ सालीं दावा नव्यानें मांडावा लागला. धर्म न पाहतां येणाऱ्या मुलाच्या क्रमानें जागा द्यावी, अशी तडजोड पुढें झाली. ती अपिलांत कायम होईपर्यंत १९८८ साल उजाडलें. १९७४ सालींच त्या मुलीला मुलगा झाला होता. ती स्वत: तेव्हां चौदा वर्षांची होती. आईच्या नांवानें ज्या व्यवस्थेशीं दावा चालू होता, तिच्याच स्वाधीन तो मुलगा झाला. तडजोड पक्की झाली तेव्हां तो चौदा वर्षांचा होता, म्हणजे त्याच्या जन्माच्या वेळीं आई होती तेवढा. दरम्यान शहरांत ‘क्रॅक’ नांवाच्या कोकेनच्या स्वस्त प्रकारानें कहर केला. १९८५ च्या आसपास प्रतिपालनांत सुमारें १७ हजार मुलें होतीं. १९९१ च्या सुमारास त्यांची संख्या ५० हजारांच्या घरांत गेली. जागांची रांग न्यायानें लावण्याचा हुकूम हातीं आला, तोंवर जागांपेक्षां रांगच कितीतरी मोठी झाली होती.

बर्नस्टीनबाईंच्या ग्रंथाचें सामर्थ्य त्याच्या मांडणींत आहे. त्यांनीं दोन धागे घेतले आहेत: एक न्यायालयांतील दाव्याचा, दुसरा त्या मुलाच्या आयुष्याचा. एका ठिकाणीं वकील, न्यायाधीश, संस्थांचे चालक यांची वर्षानुवर्षे चाललेली झटापट. दुसरीकडे एका बालकाचें या हातांतून त्या हातांत जाणें. लेखिका हे दोन धागे ओढूनताणून एकत्र बांधीत नाहीं. तारखा शेजारीं येतात आणि वाचक स्वत:च हिशेब करूं लागतो. न्यायालयानें एखाद्या अर्जाची सुनावणी सहा महिने पुढें ढकलली, असें वाक्य आपण एरवीं सहज वाचून जाऊं. येथें तें वाचतांना मनांत येतें कीं, दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा हा चौथा हिस्सा आहे. कायद्याचा काळ आणि बालपणाचा काळ यांचें माप एक नाहीं, हें सांगण्यासाठीं निबंध लिहितां आला असता; परंतु हें माप हातीं घेऊन दाखविणें केवळ कथनालाच साधतें, आणि तें येथें साधलें आहे.

दुसरा गुण समतोलपणाचा. अशा विषयांत खलपुरुष शोधण्याचा मोह अनावर असतो. लेखिका त्याला बळी पडत नाहीं. संस्थांच्या चालकांना आपल्या पूर्वजांनीं परधर्मीयांपासून वांचविलेलें धन राखावयाचें होतें. शहराच्या अधिकाऱ्यांना त्या संस्थांवांचून रात्रीं मुलें कोठें निजवावीं हें कळत नव्हतें. आणि वकील बाई तर सर्वस्व पणाला लावून लढत होत्या. सारेच आपापल्या परीनें कर्तव्य करीत असतां मूल हरवतें, हें या ग्रंथांतील खरें भयानक सत्य आहे.

दोषहि सांगितले पाहिजेत. मधल्या भागांत अधिकारी, समित्या आणि अहवाल यांची इतकी दाटी होते कीं वाचकाला कोण कोणाच्या बाजूचें हें पुन:पुन्हा मागें जाऊन पाहावें लागतें. दाव्याचा कंटाळवाणेपणा वर्णिण्यासाठीं वर्णन कंटाळवाणें असण्याची गरज नसते. डिकन्स त्या धुक्यांतूनहि वाचकाचा हात सोडीत नाहीं. दुसरा दोष अधिक खोल आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरींत यमूची कहाणी यमूच्याच तोंडून वदविली. त्यामुळें अन्याय सोसणाऱ्या जीवाला स्वत:चा शब्द मिळाला. बर्नस्टीनबाईंनीं आई व मुलगा यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें आहे, तरी ग्रंथाचा आवाज अखेरपर्यंत लेखिकेचाच राहतो. सत्यकथेला कादंबरीची मुभा नाहीं हें आम्ही जाणतों. तरीहि दाव्यानें जिचें नांव घेतलें आणि म्हणणें मागें ठेविलें, तिचें म्हणणें ग्रंथांत तरी अधिक ऐकूं यावयास हवें होतें.

मग असा दावा लावूंच नये काय? ग्रंथ मिटतांना कांहीं वाचकांचें मन या निष्कर्षाकडे झुकेल. आम्हांस तो मान्य नाहीं. धर्म व वर्ण पाहून मुलांची प्रतवारी करणारी वहिवाट उघड्यावर आली ती या दाव्यामुळें, आणि तशी वांटणी करावयाची नाहीं हें लेखी बंधन आलें तेंहि त्यामुळेंच. परंतु प्रातिनिधिक दाव्याला हजारों मुलें एकदम दिसतात, आणि हजारों मुलें एकदम दिसलीं म्हणजे त्यांच्या जागा मोजतां येतात, दिवस मोजतां येतात. एकेका मुलाकडे पाहणें त्याला जमत नाहीं. त्यासाठीं निराळा कैवारी लागतो. अमेरिकेंत १९७४ च्या केंद्रीय कायद्यानें राज्यांना अनुदानासाठीं अशी अट घातली कीं, छळाच्या प्रकरणांत न्यायालयापुढें येणाऱ्या प्रत्येक मुलासाठीं दाव्यापुरता पालक नेमावा. १९७७ सालीं सिअॅटल येथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनीं याच कामासाठीं सामान्य नागरिकांतून स्वयंसेवक घेण्याची प्रथा सुरू केली. निर्णय देण्याइतकी माहिती आपल्यापुढें येत नाहीं, ही त्यांची तळमळ होती. अशा स्वयंसेवकाला कायद्यांत पारंगत असावें लागत नाहीं. मुलाला भेटणें, त्याच्या शाळेंत जाणें, आणि जें पाहिलें तें न्यायाधीशास सांगणें हें त्याचें काम. असा एक मनुष्य त्या मुलाच्या वांट्याला आला असता तर त्याचें आयुष्य सुधारलेंच असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें मूल आज कोठें आहे, हें निदान एका माणसाला तरी ठाऊक असतें.

हा प्रश्न आतां केवळ परदेशचा राहिलेला नाहीं. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांसंबंधीं कायदा झाला तेव्हांपासून संस्था हाच निराधार मुलाचा मुख्य आश्रय होता. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ४४ व्या कलमानें परक्या कुटुंबांत प्रतिपालन करण्याची वाट आपल्याकडेहि स्पष्टपणें मोकळी केली आहे, आणि मुलाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे हें तत्त्व त्याच कायद्यांत नमूद केलें आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांतील बालकल्याण समित्यांचे सभासद, तरुण वकील, आणि कायदा शिकणारे विद्यार्थी यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि वाचतांना सनावळीवर बोट ठेवून वाचावा. समितीपुढील तारीख पुढें ढकलण्यापूर्वीं त्या मुलाचें वय काय, हें एकदां कागदावर पाहून घेण्याची संवय त्यांतल्या थोड्यांना जरी लागली, तरी या ग्रंथाच्या वाचनाचें श्रम आम्ही सार्थकीं लागले असें समजूं.