छापील पॉइंट सहा

नाटकांवर समीक्षा लिहिणारे गल्लोगल्ली आहेत. पण ज्याची खुर्ची नाट्यगृहापेक्षा अरुंद आणि मध्यंतर फक्त ढाब्यावर, अशा एका प्रयोगाकडे अजून कुणा समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (२०२३ पर्यंत औरंगाबाद) तो सकाळी सुरू होऊन दिवेलागणीला संपतो. ‘एकदिवसीय स्थलदर्शन’ म्हणतात त्याला. दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की असे छापील पॉइंट सहा. सातवा छापत नाहीत. ते शालींचं दुकान. पाहुण्यांना सोबत म्हणून कॅज्युअल रजा खर्चून मी हा प्रयोग तीनदा पाहिलाय, तेव्हा बोलण्याचा अधिकार मला आहे.

पहिला अंक दौलताबाद. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली. कंडक्टेड टूरचा आद्य प्रवर्तक मी त्यालाच मानतो. माणसांना विचारायचं नाही, बोचकी बांधायला लावायची, आणि पुढं परत फिरवायचं! मात्र त्यानं लोकांना इथं काही वर्षं तरी टेकू दिलं. आम्हाला मिळतो एक तास. तेवढ्यात मंडळी चांदमिनारापाशी फोटो काढतात आणि किल्ला झाला असं समजतात. शत्रूनं चाचपडत मरावं म्हणून खोदलेल्या अंधारीचं वर्णन गाईड बसमध्येच उरकतो.

वेरूळला लेणी चौतीस, वेळ दीड तास. दर लेण्याला अडीच मिनिटं पडतात, हे मी उभ्या उभ्या काढलं. गाईडचा हिशेब वेगळा. एक ते बारा बौद्ध, त्यांतलं दहावं दाखवायचं. तेरा ते एकोणतीस हिंदू, त्यांतलं सोळावं कैलास. तीस ते चौतीस जैन लेणी ‘टाइम राहिला तर’ या सदरात. तो राहत नाही. बत्तिसाव्यातल्या इंद्रसभेच्या छतावरचं कमळ आमच्या तिन्ही खेपांना न बघताच राहिलं.

कैलासात शिरताच गाईड म्हणतो, ‘दोन लाख टन दगड काढला.’ लोक ‘अरे बापरे’ करतात आणि हत्तीपाशी उभे राहतात. माझी तक्रार इथं आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, हे देऊळ वरून खाली खोदत आणलं. आधी कळस, शेवटी पाया. आम्ही लेजरात चुकलो तर लाल शाईची काट आणि बाजूला सही, भागतं. इथं उडालेला दगड परत चिकटत नाही. कळसाला छिन्नी लावतानाच खालच्या हत्तींचा हिशेब डोक्यात तयार हवा. हे सांगायला टन लागत नाहीत, एक मिनिट लागतं.

पण गाईडला नावं ठेवायची नाहीत. दुसऱ्या खेपेला लातूरकडच्या एक आजी रावणाच्या शिल्पापुढं थबकल्या. ‘काय रे बाळा, ही बाई पळतीय कशाला?’

गाईडचं पाठांतर तुटलं. ‘आजी, खालून रावण पर्वत हलवतोय. ती दासी, ती पळाली. पार्वतीला काही पळता येईना, तिनं नवऱ्याचा दंड धरलाय. आणि महादेव बघा, बसल्या जागी पाय नुसता टेकवलाय.’

एवढंच. पण पंचेचाळीस माणसं गप्प उभी राहिली, मोबाइलसुद्धा खाली आले. मग बसचा हॉर्न वाजला आणि तो पुन्हा टनांवर गेला. नट चांगला आहे हो, संहिता भिकार आहे.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट उतरवून जावं लागतं. नुकतीच वेरूळची शिल्पं पाहिलेल्या डोळ्यांना आमची रांग फार झोंबते. खुलताबाद बसच्या खिडकीतून ‘झालं’. शालींच्या दुकानात मात्र पन्नास मिनिटं, आणि हॉर्न एकदाही नाही. कैलासाला चाळीस मिळाली होती.

औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरास बानूसाठी, मुलानं म्हणजे आझमशहानं बांधलेल्या मकबऱ्याला गाईड ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणतो आणि मोकळा होतो. त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदलेला आहे. मंजुरी सात लाखांची होती असं सांगतात. म्हणजे शिल्लक ३१,७९६ रुपये ९ आणे! मंजूर रकमेच्या आत पुरं झालेलं सरकारी बांधकाम, आणि त्यावर तिन्ही भाषांत अवाक्षर नाही.

पाणचक्कीला अंधार पडलेला असतो. पाण्याचा आवाज तेवढा येतो.

दिवाळीत पुण्याचे साडू येताहेत. त्यांना मी एस.टी.नं सरळ वेरूळला नेणार, डबा घेऊन, आणि रावणासमोर बसवणार. दौलताबाद दुसऱ्या दिवशी. त्यांची रजा दोनच दिवसांची आहे, आणि सौ. साडूंना शाल घ्यायची आहे.