शाळेला श्रेणी, शिक्षकाला शेरा : फ्लोरिडातील उत्तरदायित्व धोरणाचे टीकात्मक परीक्षण

प्रस्तावना

शाळा सार्वजनिक पैशावर चालते, म्हणून तिने समाजाला हिशेब दिला पाहिजे, हे तत्त्व कोणी नाकारणार नाही. वाद आहे तो हा हिशेब कोणाकडून आणि कोणत्या मापाने घ्यायचा याबद्दल. या पाठात आपण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे उदाहरण तपासू. शाळांना श्रेणी देणे आणि शिक्षकांचे मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या गुणांशी जोडणे, हे दोन्ही प्रयोग तिथे राज्यभर झाले, त्यांवर संशोधन झाले आणि ते न्यायालयापर्यंतही पोहोचले. म्हणून हे उदाहरण अभ्यासाला सोयीचे आहे.

धोरणाची रूपरेषा

1999 साली गव्हर्नर जेब बुश यांच्या कारकिर्दीत 'ए प्लस' योजना आली. राज्य परीक्षेतील निकालांवरून प्रत्येक सरकारी शाळेला ए, बी, सी, डी किंवा एफ अशी श्रेणी मिळू लागली. चार वर्षांत दोनदा एफ मिळालेल्या शाळेतील मुलांना सरकारी खर्चाने खासगी शाळेत जाण्याची मुभा होती. 2006 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा घटनाबाह्य ठरवली, पण श्रेणी कायम राहिली.

पुढचा टप्पा शिक्षकांचा. 2009 मध्ये केंद्र सरकारने 'रेस टू द टॉप' ही 4.35 अब्ज डॉलरची स्पर्धा जाहीर केली. शिक्षक मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या प्रगतीला वजन देणाऱ्या राज्यांना तीत जास्त गुण होते. फ्लोरिडाला 70 कोटी डॉलर मिळाले. 2011 मध्ये गव्हर्नर रिक स्कॉट यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यानुसार शिक्षकाच्या मूल्यमापनाचा निम्मा भाग विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील प्रगतीवर ठरणार होता आणि नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना कायम नेमणुकीऐवजी वर्षावर्षाचा करार मिळणार होता. आता आकड्याशी थेट नोकरी जोडली गेली.

जमेची बाजू

टीका करण्यापूर्वी धोरणाच्या बाजूचा पुरावा मांडणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. सेसिलिया राउज, जेन हॅनवे, डॅन गोल्डहेबर आणि डेव्हिड फिग्लिओ यांच्या अभ्यासात असे दिसले की, एफ श्रेणी मिळालेल्या शाळांमधील मुलांचे गुण पुढे वाढले. या शाळांनी अध्यापनाच्या वेळेत आणि पद्धतीत बदल केले, मागे पडलेल्या मुलांकडे अधिक लक्ष दिले. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या शाळेकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले गेले, हा लाभ खरा आहे. 'मोजमापच नको' हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

पहिला आक्षेप : अक्षर मोजते काय?

शाळेचे एक वर्ष एका अक्षरात बसवले की बरीच माहिती गळून पडते. ए आणि बी यांच्या सीमेवरच्या दोन शाळांत नावापुरताच फरक असू शकतो, पण बाहेर दिसताना त्या दोन वेगळ्या दर्जाच्या ठरतात. फिग्लिओ आणि मॉरिस लुकास यांनी दाखवले की, या अक्षरांचा परिणाम त्या भागातील घरांच्या किमतींवरही झाला. ज्यांना घर बदलणे परवडते ते चांगल्या अक्षराकडे जातात आणि ज्यांना परवडत नाही ते मागे राहतात. शाळेचे वर्णन करण्यासाठी काढलेले अक्षर अशा रीतीने शाळेत कोण येणार हेच ठरवू लागते.

दुसरा आक्षेप : माप आणि वर्तन

अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात एक इशारा दिला होता. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून, तितका तो आकडा आणि त्यामागची प्रक्रिया बिघडण्याचा धोका अधिक. फ्लोरिडात याचे पुरावे सापडले. परीक्षेच्या काळात, परीक्षा असलेल्या इयत्तांमध्ये, सारख्याच गैरवर्तनासाठी कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना तुलनेने जास्त दिवस शाळेबाहेर ठेवले गेल्याचे फिग्लिओ यांना आढळले. फिग्लिओ आणि लॉरेन्स गेट्झलर यांच्या अभ्यासात, मागे पडणाऱ्या मुलांना अपंगत्वाच्या अशा गटांत नोंदवण्याकडे कल दिसला, ज्यांचे गुण शाळेच्या श्रेणीत धरले जात नव्हते. इथे गुणपत्रिकेत खोटा आकडा कोणी लिहिलेला नाही. तरीही ज्या मुलासाठी ही योजना आखली, तेच मूल मोजणीबाहेर गेले.

तिसरा आक्षेप : शिक्षकाचा वाटा किती?

शिक्षकांसाठी वापरलेल्या पद्धतीला 'व्हॅल्यू-अॅडेड मॉडेल', म्हणजे मूल्यवर्धित प्रतिमान, म्हणतात. तिचा गाभा समजून घ्या. समजा, मागील वर्षांच्या गुणांवरून एका वर्गाची अपेक्षित सरासरी 62 आली आणि प्रत्यक्षात ती 66 आली. हा 4 गुणांचा फरक शिक्षकाच्या खात्यावर जमा होतो. पण वर्गात 20 मुले असतील आणि त्यांपैकी 3 मुलांनी वर्षाच्या मध्यात घर बदलले, आजारपण काढले किंवा शिकवणी लावली, तर हा फरक सहज हलतो. पट जितका लहान, तितका आकडा डळमळीत. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 च्या निवेदनात नमूद केले की, बहुतेक अभ्यासांनुसार गुणांमधील फरकांपैकी 1 ते 14 टक्के वाटाच शिक्षकांमुळे येतो. याचा अर्थ शिक्षक महत्त्वाचा नाही असा मुळीच नाही. बाकीचा मोठा वाटा ज्या परिस्थितीतून येतो, तिची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

शिवाय राज्य परीक्षा काही ठरावीक विषयांच्या आणि इयत्तांच्याच होत्या. मग चित्रकलेच्या किंवा पहिलीच्या शिक्षिकेचे काय? काही ठिकाणी त्यांना शाळेतील इतर मुलांच्या, अगदी त्यांनी कधी न शिकवलेल्या मुलांच्या गुणांवरून आकडा देण्यात आला. याला मराठीत वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. 2013 मध्ये शिक्षक न्यायालयात गेले, त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात दुरुस्तीही केली. 2014 मध्ये संघराज्य न्यायालयाने या पद्धतीतील अन्याय मान्य केला, पण ती घटनाबाह्य ठरवली नाही. 2015 मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. या निकालातून एक धडा घ्या : कायद्यात बसणे आणि न्याय्य असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

टेक्सासमधील ह्यूस्टन येथे प्रश्न वेगळ्या बाजूने आला. तिथले गणिती सूत्र एका खासगी कंपनीचे व्यावसायिक गुपित होते, त्यामुळे आपला आकडा बरोबर आहे का हे शिक्षकाला पडताळताच येत नव्हते. 2017 मध्ये न्यायालयाने शिक्षकांचा हा आक्षेप सुनावणीस योग्य मानला आणि नंतर समझोता झाला.

चौथा आक्षेप : मोजणाऱ्याला कोण मोजणार?

2012 मध्ये फ्लोरिडाच्या लेखन परीक्षेची तपासणी कडक झाली. चौथीत अपेक्षित पातळी गाठणाऱ्यांचे प्रमाण 81 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आले. राज्य मंडळाने तातडीची बैठक घेऊन उत्तीर्णतेची रेषा 4 वरून 3 वर आणली आणि निकाल पुन्हा सावरला. मुले तीच आणि शिक्षकही तेच. आपले माप चुकले तर राज्य रेषा सरकवू शकते. शिक्षकाला मात्र तशी सोय नाही. माझ्या मते या धोरणाचा मुख्य दोष हाच आहे : हिशेब फक्त खालून वर मागितला जातो. निधी, पुरेसे शिक्षक आणि योग्य परीक्षा देण्याचे राज्याचे कर्तव्य कोणत्याही अक्षरात उतरत नाही.

समारोप

2015 च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अॅक्ट'ने शिक्षक मूल्यमापनाची पद्धत राज्यांवर लादण्यास केंद्राला मनाई केली. 2017 मध्ये फ्लोरिडानेही राज्याचे मूल्यवर्धित सूत्र वापरणे जिल्ह्यांसाठी ऐच्छिक केले. शाळांच्या श्रेणी मात्र चालू आहेत.

आपल्याकडे 2015 पासून 'शाळासिद्धी' आहे. त्यात शाळा 7 क्षेत्रांतील 46 मानकांवर प्रथम स्वतःचे मूल्यमापन करते. केंद्राचा 'परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स' शाळांना नव्हे, तर राज्यांना श्रेणी देतो. म्हणजे इथे निदान हिशेब वरच्यांकडूनही मागितला जातो. पण स्वतःच भरलेल्या माहितीला बक्षीस किंवा शिक्षा जोडली, तर कॅम्पबेल यांचा इशारा इथेही तितकाच लागू पडेल. तुमच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक, अधिकारी किंवा पालक असाल. कोणतीही मूल्यमापन योजना समोर आली की तीन प्रश्न विचारा. ज्याला श्रेणी मिळते त्याला ती पडताळता येते का? त्याच्या हाती असलेल्या गोष्टींसाठीच त्याला जबाबदार धरले आहे का? आणि कमी श्रेणी मिळाल्यावर त्याला मदत मिळते की केवळ शिक्षा?

विचारासाठी प्रश्न

1. एफ श्रेणीनंतर गुण वाढले, हा पुरावा श्रेणीपद्धतीचे समर्थन करण्यास पुरेसा आहे का? कारणे द्या.
2. तुमच्या राज्यातील एक मूल्यमापन योजना निवडून वरील तीन प्रश्न तिला लावून पाहा.
3. तुमच्या शाळेतील ज्या शिक्षकांकडून तुम्ही सर्वाधिक शिकलात, त्यांच्या कामाचा कोणता भाग परीक्षेच्या गुणांत दिसला असता आणि कोणता दिसला नसता?