'मिस' करणे आणि चुकल्यासारखे वाटणे

आकाराने लहान परंतु व्यवहाराने मोठी अशी जी इंग्रजी क्रियापदे आहेत, त्यांत 'मिस' या क्रियापदाची गणना केली पाहिजे. कोशप्रेमी मंडळींचे लक्ष सहसा 'सेट', 'रन', 'टेक' अशा अवाढव्य धातूंकडे जाते. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती, हे पुष्कळांस ठाऊक असते. 'मिस'चा पसारा एवढा नाही. तथापि मराठी आणि कोकणी घरांत ओटी ओलांडून थेट माजघरात शिरलेले इंग्रजी क्रियापद कोणते असे विचारल्यास उत्तर हेच द्यावे लागेल. 'आई, मी तुला फार मिस करते' हे वाक्य आता परदेशी गेलेल्या मुलीच्याच तोंडी असते असे नाही. फोंड्याहून पणजीस राहावयास गेलेली मुलगीही तेच म्हणते. त्यावर नुसते नाक मुरडून भागणार नाही. या शब्दाने आपल्या घरात काय आणले आणि काय घालवले, ते पाहिले पाहिजे.

कुमारिकेच्या नावामागे लागणाऱ्या 'मिस'शी या क्रियापदाचा काहीही संबंध नाही. ते 'मिस्ट्रेस' या शब्दाचे तुकडा पडलेले रूप होय. क्रियापद जुन्या इंग्रजीतले आहे आणि त्याचा मूळचा अर्थ 'नेम न लागणे' असा आहे. बाण लक्ष्यावर लागला नाही, इथून त्याचा प्रवास सुरू होतो. मग ज्याची गाठ पडावयाची ते माणूस भेटत नाही, गाडी मिळत नाही, संधी हातची जाते. पुढे डोळ्यांसमोरची वस्तू ध्यानात येत नाही. इथपर्यंत सर्व सरळ आहे. नंतर मात्र हा शब्द एक चमत्कारिक वळण घेतो. खिशात हात घातल्यावर पैशाची पिशवी जागेवर नाही हे ज्या क्षणी कळते, त्या कळण्यासही इंग्रज 'मिस' म्हणतो. जे दिसले नाही त्याला 'मिस' म्हणत होते, आता जे नाही असे दिसले त्यालाही तोच शब्द! आणि नसणे एकदा जाणवू लागले की ते सलूही लागते. आई दूर असल्याचे दुःख हा या प्रवासाचा अखेरचा टप्पा आहे.

इंग्रजीत या टप्प्यावर 'मिस'ला सोबती नाहीत असे नाही. 'पाइन' म्हणजे झुरणे, 'योर्न' म्हणजे जीव ओढ घेणे, 'लाँग' म्हणजे ध्यास लागणे. पण हे सारे काव्याचे मानकरी. 'मिस' हा रोजच्या राबत्यातला शब्द. तो मेलेल्या बापाविषयी वापरता येतो आणि सकाळी न मिळालेल्या चहाविषयीही वापरता येतो. त्याची सारी शक्ती या साधेपणात आहे, आणि आमच्या मते आपल्याकडे तो रुजला तोही याच गुणामुळे.

पहिल्या सर्व अर्थांपुरते पाहिले तर मराठीस या शब्दाची गरज मुळीच नव्हती. नेम चुकतो, झेल सुटतो, संधी हुकते. काळजाचा ठोका चुकतो. ओळ वाचायची राहून जाते, चूक नजरेतून निसटते, कागद गहाळ होतो, माणूस बेपत्ता होतो. तास बुडतो, आणि जाणूनबुजून असेल तर बुडवला जातो. हा भेद इंग्रजी शब्दाला दाखवता येत नाही, त्यासाठी 'स्किप'ची मदत घ्यावी लागते. कामावरचा खाडा पडतो. देवदर्शनाला भक्त मुकतो, आणि या 'मुकण्या'त जी वंचना आहे तिला 'मिस' पुरे पडत नाही. इंग्रज म्हणतो की मी गाडी 'मिस' केली. आपण म्हणतो, 'माझी गाडी चुकली.' चुकणारी गाडी, आपण नव्हे! या वाक्यरचनेत थोडा धूर्तपणा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट 'मिस्ड कॉल देणे' हा आपल्या देशाने त्या धातूवर उगवलेला सूड म्हणावा लागेल. जो चुकून राहून जायचा तो आपण मुद्दाम, हिशेबाने आणि फुकटात देऊ लागलो.

खरा प्रश्न अखेरच्या अर्थाचा आहे. तिथे आमचे भाषांतरकार आणि शाळेत वापरावयाचे लहान कोश बहुधा एकच पर्याय पुढे करतात: 'आठवण येणे'. हा पर्याय चूक नाही, अपुरा आहे. शाळेतल्या खडूस मास्तरांचीही आठवण येते. त्यांच्यावाचून आपले काही अडत नाही. आठवण म्हणजे मनात काही येणे, 'मिस' म्हणजे मनात काही नसल्याची जाणीव. 'उणीव भासणे' अर्थाने जवळचे, पण त्याला शोकसभेचा वास येतो. 'विरह' तर बोलण्यातून केव्हाच उठून गेला. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये त्याचे स्थान अढळ आहे, पण दूरध्वनीवर आईला कोणी 'मला तुझा विरह होतो' म्हणेल तर ती घाबरून पुढची गाडी धरील. ओव्यांतली 'सय' गोड. तीही आता पुस्तकांतच उरली. मग त्या मुलीने काय म्हणावे? कोशाने तिच्या हाती एकच शब्द ठेवला, तो तिला थिटा पडला, आणि तिने शेजारचा उचलला. तिच्यावर भाषाद्रोहाचा आरोप करण्यापूर्वी कोशाची झडती घेतली पाहिजे.

कारण मराठीत शब्द आहेत. ते नामांत नसून वाक्प्रयोगांत आहेत, म्हणून वर्णानुक्रमाने शोधणाऱ्यास सापडत नाहीत. 'तुझ्यावाचून करमत नाही.' 'घर खायला उठते.' 'तू आत्ता इथे हवी होतीस.' आणि या सर्वांत आम्हांस अधिक मोलाचा वाटणारा प्रयोग म्हणजे 'चुकल्याचुकल्यासारखे होते'. इंग्रजीने नेम चुकण्यापासून विरहापर्यंत जी वाट चालली, तीच वाट मराठीने 'चुकणे' या प्राकृतातून आलेल्या आपल्या धातूवरून चालून दाखविली आहे. फरक एवढाच की मुक्कामाला पोचल्यावर दोघींची तोंडे दोन दिशांना आहेत. इंग्रजीत हरवलेले असते ते दूर गेलेले माणूस. मराठीत मात्र घरात, आपल्या जागी बसलेल्यालाच आपण चुकलो आहोत असे वाटते. 'चुकला फकीर मशिदीत' या म्हणीत किंवा कळपातून चुकलेल्या वासरात जो अर्थ आहे, तोच येथे मागे राहिलेल्याकडे वळला आहे. गेलेला योग्य ठिकाणी पोचला. वाट चुकली ती राहिलेल्याची. एवढे सूक्ष्म निरीक्षण ज्या प्रयोगात साठले आहे तो कोणत्याही इंग्रजी-मराठी कोशात 'मिस'समोर पहिल्या ओळीत असावयास हवा.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. 'मला तुझी आठवण येते' या वाक्यात बोलणारा कर्ता नाही. आठवण येणारी, आणि ती ज्याच्याकडे येते तो चतुर्थीत उभा. कोकणीतही 'म्हाका तुजो उगडास येता'. ही रचना आमचीच मिरास आहे असे मात्र नव्हे. इंदूर-ग्वाल्हेरच्या शेजारची हिंदी 'मुझे तेरी याद आती है' म्हणते. बडोद्याची गुजराती 'गमतुं नथी' म्हणते, ते आमच्या 'करमत नाही'चे सख्खे भावंड शोभते. बेळगावात कानडीचा 'नेनपु' बोलणाऱ्याकडे येतो, हैदराबादेत तेलुगूतही माणूस आठवणीत 'येते'च. आर्य व द्राविड कुळे वेगळी, रचना एक! एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले, आणि मासिका यांच्या १९७६ च्या ग्रंथात या चतुर्थीच्या कर्त्याची सविस्तर चर्चा आहे. या साऱ्या प्रदेशाने ताप, राग आणि आठवण यांना 'येणारे' मानले. 'मिस करणे' या प्रयोगाने त्या येणाऱ्या गोष्टीचे 'करणे' केले. इंग्रजी धातू आला याचे आम्हांस फारसे दुःख नाही. त्याच्या शेपटीला 'करणे' चिकटले, याचे आहे.

यावर गोमंतकीय वाचक एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. निरोपाच्या मांडोत पोर्तुगीज 'अदेउश' हा शब्द कोकणी 'करप'शी जोडला गेला, आणि त्या परक्या जोडणीने गोव्याच्या कित्येक पिढ्यांना रडविले. मग 'मिस'नेच काय घोडे मारले? उत्तर असे की निरोप ही खरोखरच करावयाची गोष्ट आहे. ती धक्क्यावर, हात हलवून, विशिष्ट वेळी केली जाते. नसणे जाणवणे हे कोणी करीत नाही. पोर्तुगीज माणूससुद्धा 'सौदाद' करीत नाही, ती त्याच्यापाशी असते. आणि फ्रेंच माणूस तर 'तू मला उणा आहेस' अशा घाटाचे वाक्य बोलून दूरच्यालाच कर्ता करतो.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 'मी तुला' या दोन शब्दांत एक थेटपणा आहे, जो 'मला तुझी' यात नाही. आपल्या घरांत प्रेम उघड बोलण्याची रीत नव्हती. बाप मुलाला पत्रात प्रकृतीस जपण्यास सांगे आणि बाकीचे त्यातच समजून घ्यावे लागे. अशा घरात 'मिस' या परक्या शब्दाच्या आडोशाने जर कोणी प्रथमच मनातले बोलले असेल तर त्याचा तो आडोसा काढून घेण्याचा आम्हांस अधिकार नाही. मात्र त्याच वेळी 'आठवण येते' म्हणणारा स्त्री की पुरुष हे क्रियापद सांगत नव्हते, 'करतो' आणि 'करते' ते लगेच सांगून टाकतात, हेही नोंदवून ठेवावे.

मालिकांच्या संवादलेखकांना आणि अनुवादकांना मात्र ही सवलत देता येत नाही. त्यांचा धंदा शब्दांचा आहे. इंग्रजी कादंबरीतील विधवा जेवणाच्या मेजावर नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ते तीन शब्द उच्चारते, तेव्हा तिच्या तोंडी 'तुमची आठवण येते' घालणारा अनुवादक आळशी आहे, आणि 'मी तुम्हांला मिस करते' घालणारा त्याहून आळशी. 'तुम्ही आत्ता हवे होतात' हे वाक्य त्याच्या आजीलाही येत होते.