छायाचित्रांची नक्कल आणि घरगुती स्कॅनर

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील साधनें म्हटलीं कीं नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख, लेण्याद्रि-मानमोडीचीं लेणीं व जुन्या घराण्यांचीं दप्तरें आपणांस आठवतात. घरोघरच्या ट्रंकांतील छायाचित्रांस मात्र साधनांचा मान देण्यास आपण अद्यापि कचरतों. वस्तुतः ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्यास नांव पडलें, तें गांव डिंभे धरणाच्या जलाशयांत बुडालें. त्याचें छायाचित्र आतां नव्यानें घेतां येणार नाहीं; जें हातीं असेल त्याचीच नक्कल करणें प्राप्त आहे.

या कामीं स्कॅनर निवडतांना पेटीवरील डीपीआयचा आंकडा प्रमाण मानण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाहीं. एप्सन व्ही ६०० या सपाट यंत्राचा आंकडा ६४००. स्वतंत्र परीक्षणांत प्रत्यक्ष तपशील त्याच्या सुमारें चतुर्थांशच भरला. प्लस्टेक ८२००आय याचा आंकडा ७२००. प्रत्यक्ष तपशील निम्म्याहून कमी, तरीही एप्सनच्या दुपटीच्या आसपास. परंतु त्यांत ३५ मिलिमीटरची फिल्म व स्लाइड एवढेंच जातें. आग्फा क्लिक ३ कॅमेऱ्याची ६ × ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह किंवा कागदावरील छायाचित्र त्यास चालत नाहीं. संग्रह मिश्र असल्यास झांकणांत दिवा असलेलें सपाट यंत्रच घ्यावें. केवळ कागदपत्रांसाठीं असलेल्या पातळ यंत्रांत हा दिवा नसतो, म्हणून तें फिल्मला निरुपयोगी होय.

धूळ आपोआप पुसण्याच्या सोयीवर आमचा विशेष आक्षेप आहे. अवरक्त किरण रंगीत फिल्ममधून पार होतात व धुळीपाशीं अडतात. तेथें यंत्र आजूबाजूचा रंग भरतें. कृष्णधवल फिल्मवरील चांदीही तेच किरण अडविते, तेव्हां यंत्र चित्रासच धूळ समजतें. पोथींतील गळलेलें अक्षर नकलनवीसानें पदरचें घातल्यास आपण त्यास दोष देतों. मग यंत्रासच सूट कां? शिलालेखाच्या छायाचित्रांत अनुस्वार कोणता व डाग कोणता, हें वाचकानें ठरवावयाचें आहे.

सबब ३५ मिलिमीटरच्या फिल्मची नक्कल निदान २४०० डीपीआयवर करावी. चौकटीचे सुमारें ३४०० × २२७० ठिपके मिळतात. कागदी छायाचित्रांस ६०० पुरेत. पहिली प्रत टिफ स्वरूपांत, कांहींएक न पुसतां ठेवावी, पाठीवरील मजकुराचीही नक्कल घ्यावी, आणि अस्सल निगेटिव्ह कोरड्या जागीं जपावी. पुढें याहून चांगलें यंत्र निघाल्यास पुन्हां अस्सलाकडेच जावें लागेल.