‘रिझेंटमेंट’ : शिक्का आणि सल

दलित लेखनावर प्रस्थापित समीक्षेनं जे शिक्के मारले त्यात एक इंग्रजी शिक्का आहे : रिझेंटमेंट. आक्रस्ताळी, प्रचारकी, एकसुरी ही मराठी विशेषणं वापरून झाली की हा शब्द निघतो. बोलणारा तो हळू आवाजात बोलतो, जणू डॉक्टर रोगाचं नाव सांगतोय. आपली पोरं ऐकून गप्प बसतात. शब्द इंग्रजी, त्यात मागं नीत्शेचं नाव! म्हणून मी म्हणतो, दोस्तांनो, आधी या शब्दाचीच झडती घेऊ.

मूळ लॅटिन ‘सेन्तिरे’, म्हणजे जाणवणं. त्याच्या आधी ‘रे’ लागला. पुन्हा, किंवा जोरानं. फ्रेंचमध्ये त्याचा ‘रसांतिमां’ झाला. त्याच्या स्पेलिंगात सुरुवातीला दोन एस आहेत. फ्रेंचमध्ये दोन स्वरांच्या मध्ये एकटा एस आला तर त्याचा ‘झ’ होतो, ‘स’ टिकवायचा तर तो दोनदा लिहावा लागतो. इंग्रजांनी सतराव्या शतकात शब्द उचलला. त्यांच्या स्पेलिंगात एकच एस उरला आणि उच्चार ‘झ’वर गेला. तेव्हा अर्थही मोठा होता. कुणाचा उपकार मनात राहिला तरी रिझेंटमेंट, कुणी केलेला अपमान राहिला तरी रिझेंटमेंट. पुढं उपकार गळाला, अपमान उरला.

मराठी कोशात बघाल तर राग, चीड, संताप असं काहीबाही मिळेल. मला जवळचा वाटतो तो ‘सल’. काटा आत मोडतो, वरची कातडी भरून येते, पण पाय टेकला की पुन्हा कळ येते. ‘रे’ म्हणजे हीच पुन्हा येणारी कळ.

आता या एका एसवाल्या शब्दाबद्दल इंग्रज काय म्हणाले ते बघा. जोसेफ बटलर नावाचा पाद्री, पुढं बिशप झाला. १७२६ साली त्याची प्रवचनं छापली गेली, त्यात एक प्रवचन खास या भावनेवर आहे. तो दोन राग वेगळे करतो. एक भडकून उठतो आणि विझतो. दुसरा विचार करून टिकतो, आणि त्याचं कारण नुसती इजा नसते, अन्याय असतो. अंगावर झाड पडलं तर माणूस कळवळतो. माणसानं जाणून मारलं तर त्याच्या मनात सल राहतो. बटलरच्या मते ही भावना अन्यायाविरुद्धचं हत्यार म्हणून माणसाला मिळालीय. अन्याय दुसऱ्यावर झाला तरी ती जागी होते. १७५९ साली ॲडम स्मिथनं तेच पुढं नेलं : ही भावना स्वसंरक्षणासाठी आहे, न्यायाची राखणदार आहे. पाद्री आणि अर्थशास्त्री! दोघांतला एकही बंडखोर नव्हे. तरी त्यांना हा रोग वाटला नाही.

मग रोग कुठून आला? तो दोन एसवाल्या शब्दातून आला. नीत्शेनं १८८७ साली नीतीच्या वंशावळीवर पुस्तक लिहिलं. पुस्तक जर्मन, पण हा शब्द त्यानं फ्रेंचच ठेवला. त्याचं म्हणणं असं : ज्यांना प्रत्यक्ष कृती नाकारलेली असते ते दुबळे मनातल्या मनात सूड घेतात, आणि त्या कुढण्यातून गुलामांची नीती जन्मते. पुढच्याच वर्षी, १८८८ला, त्यानं मनुस्मृतीचं एक फ्रेंच भाषांतर वाचलं. तेही बेभरवशाचं. पण वाचून तो मनूवर खूश झाला. चांडाळांवरचे निर्बंध त्यानं आपल्या पुस्तकात मांडले आणि ख्रिस्ती धर्माला चांडाळांच्या द्वेषाचा वारस ठरवलं. म्हणजे बघा, ज्याच्या लेखणीतून हा शब्द आपल्यावर येतो त्याला आपण आधीच ठाऊक होतो. गावकुसाबाहेरून!

बाबासाहेबांनी हे नातं हेरलं होतं. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरचं त्यांचं लेखन महाराष्ट्र शासनानं १९८७ साली खंड ३ मध्ये छापलं. त्यात त्यांनी नीत्शे आणि मनू शेजारी बसवले आहेत. आणि फरकही सांगितलाय : नीत्शेचा श्रेष्ठ माणूस कर्तबगारीनं श्रेष्ठ, मनूचा जन्मानं. म्हणून मनू त्याच्याहूनही वाईट.

आता माझा मुद्दा. नीत्शेचीच व्याख्या धरा. ज्यांना कृती करता येत नाही त्यांचं कुढणं म्हणजे दोन एसवालं रसांतिमां. मग २० मार्च १९२७ला महाडात काय झालं? भर दिवसा हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तीही जाहीर. १९५६ला नागपुरात लाखोंनी धर्म बदलला. यात मनातल्या मनात काय होतं? या कृतींच्या पोटातून जे लेखन आलं त्याला हा शब्द लावणाऱ्यानं नीत्शे तरी नीट वाचावा.

आणि एक माणूस असा निघाला की त्यानं दोन एसवाला शब्दच उलटा धरला. झाँ आमेरी. व्हिएन्नात जन्मलेला, हिटलरच्या लेखी ज्यू. गेस्टापोनं त्याला १९४३ला पकडलं, छळलं, आउश्वित्झला धाडलं. तो वाचला. १९६६ साली त्याचं पुस्तक आलं, त्यातल्या एका निबंधाचं नावच हा शब्द. जर्मनीत तेव्हा, झालं गेलं विसरा, असा सूर होता. आमेरी म्हणाला, मी विसरणार नाही. माझा सल हाच गुन्हेगाराला त्याच्या गुन्ह्यासमोर उभा करतो. ‘आता कुठं राहिलीय जात?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर जसंच्या तसं लागू पडतं.

पण हत्यार हातात आलं म्हणून कसंही फिरवू नका. माझ्याकडं ज्या कविता येतात त्यात काही नुसत्या धुमसतात. आग, राख, रक्त, सूर्य. पेटलंय काय, कुणी पेटवलं, पत्ता नाही. तिथं नीत्शेचा शब्द चिकटतो, आणि चिकटवणाऱ्याला दोष देता येत नाही. बटलरची कसोटी लावा : इजा कोणती, ती अन्याय का, करणारा कोण, मागणी काय. पाणवठा असेल तर पाणवठा लिहा. वेठ असेल तर किती दिवसांची ते लिहा. मग शिव्या नसल्या तरी ओळ सलेल. लिहिणाऱ्याला सलतं तेवढं पुरत नाही. वाचणाऱ्याच्या पायात काटा गेला पाहिजे.

यापुढं कुणी रिझेंटमेंट म्हणालं तर मान खाली घालू नका. एवढंच विचारा : साहेब, एस एक की दोन?