पाट कुणाचा, पाटकरी कुणाचा?

मंडळी, आजचा विषय सॉफ्टवेअरचा आहे, पण वाटेत आपण पांझरेच्या काठी थांबणार आहोत. समोर जळगाव-धुळ्याची इंजिनिअरिंगची मुलंमुली बसली आहेत. उद्या पुण्यात नोकरीला लागलात की कुणीतरी सांगेल, 'आपला इंटरनल डेव्हलपर प्लॅटफॉर्म आहे, त्यातूनच जा.' हा प्लॅटफॉर्म चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

आधी तो म्हणजे काय ते पाहू. नवी सर्व्हिस सुरू करायची तर सर्व्हर एकाकडे मागा, डेटाबेस दुसऱ्याकडे, परवानगी तिसऱ्याकडे. प्रत्येक ठिकाणी तिकीट टाका आणि वाट बघा. हे सगळं एका जागी, ज्याचं त्याला घेता येईल असं मांडून ठेवलं की झाला प्लॅटफॉर्म. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव बॅकस्टेज. स्पॉटिफायनं ते आपल्या टीमसाठी बांधलं, २०२० मध्ये सर्वांना खुलं केलं आणि त्याच वर्षी क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे सोपवलं. कोणती सर्व्हिस कुणाची याची यादी, नव्या कामाचे तयार साचे आणि कागदपत्रं, असं सगळं त्यात एकत्र मिळतं. ठरलेल्या सोप्या वाटेला ते 'गोल्डन पाथ' म्हणतात.

कल्पना चांगली आहे, यात वाद नाही. पण आमचा पहिला आक्षेप असा, की बॅकस्टेज तयार माल नाही, ती चौकट आहे. ती उभी करायला आणि रोज सांभाळायला माणसं लागतात. बारा जणांच्या कंपनीनं स्पॉटिफायची नक्कल केली, तर त्यातले दोन-तीन जण त्यातच अडकतात. तिथं नीट लिहिलेलं एक पान आणि दोन स्क्रिप्ट पुरतात. 'टीम टोपोलॉजीज' या २०१९ च्या पुस्तकानंही, चालेल इतकाच बारीक प्लॅटफॉर्म ठेवा, असंच म्हटलं आहे. दुसरा आक्षेप यादीबद्दल. ती यादी प्रत्येक टीमनं लिहिलेल्या छोट्या फाइलींवर उभी असते. माणूस टीम सोडून जातो, फाइलीत नाव तसंच राहतं. रात्री दोनला सर्व्हिस बंद पडली की आपण त्या गेलेल्या माणसाला शोधत बसतो.

आणि आकडे? डोराच्या २०२४ च्या अहवालात प्लॅटफॉर्म वापरणाऱ्यांची वैयक्तिक उत्पादकता ८ टक्क्यांनी जास्त दिसली, पण बदल बाहेर पडण्याचं प्रमाण ८ टक्क्यांनी आणि त्यांची स्थिरता १४ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे माणसाला बरं वाटतं, पण माल पुढे सरकेलच असं नाही.

आता पांझरा. साक्री-धुळ्याकडची फड पद्धत तुमच्यातल्या काहींच्या आजोबांनी पाहिली असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बंधन आहे ना? आहेच. पण पीक एक, म्हणून पाण्याची गरज एक, म्हणून पाटकऱ्याला शेतागणिक भांडावं लागत नाही. गोल्डन पाथ म्हणतात तो हाच!

फरक एका गोष्टीत आहे. कोणत्या फडात काय लावायचं, हे पाणी घेणारेच बसून ठरवत. पाटकरी त्यांनी नेमलेला, त्याची मजुरी त्यांच्याकडून. गाळ काढायलाही तेच उतरत. म्हणून बंधन जाचत नव्हतं. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पाण्याचा निर्णय दुसरीकडे गेला आणि बरेच फड मोडले. बंधारे तर तसेच उभे राहिले!

आमचं म्हणणं एवढंच. प्लॅटफॉर्मवरची बहुतेक चर्चा बंधाऱ्याची होते, पाटकऱ्याची होत नाही. तेव्हा नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न विचारा. वाट कुणी ठरवली? ती अडली तर बाजूनं जाता येतं का? आणि गाळ कोण काढतं? तिन्हीचं उत्तर 'वरच्यांनी ठरवलंय' असं आलं, तर समजा की तिकिटांची रांग तीच आहे, फक्त खिडकीला नवा रंग दिलाय.